पांगोलीची चाल आणि बाकसाहेब

४ मार्च १९५६

ही डायरी गेल्या सालची आहे. ईश्वरदास शेटजींच्या राइस मिलमध्ये उरलेल्या डायऱ्या मुनीमजींनी वाटून टाकल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. त्यामुळे पानावर छापलेला वार खोटा आणि मी लिहिलेली तारीख खरी. डोक्यात सध्या इतकं काही चाललेलं असतं की कुठेतरी ओतल्याशिवाय जेवण पचत नाही. धनवंता म्हणते, "मले सांगा ना." पण बायकोला सांगितलं की ती उत्तर देते, ही अडचण आहे.

मी मनोहरलाल पटले, गोंदियाच्या मनोहर बँडचा मास्तर. पोवाराच्या पोराने नांगर सोडून तोंडात क्लॅरिनेट धरली याचं दुःख आमच्या भाऊबंदांना अजून आहे. मात्र घरात लग्न निघालं की तेच भाऊबंद तारीख मागायला माझ्या ओट्यावर बसलेले असतात.

आज शेटजींनी बोलावलं. त्यांच्या मुलीचं लग्न अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आहे. वऱ्हाड रायपूरहून गाडीने येणार, स्टेशनपासून मिलपर्यंत वरात. शेटजी म्हणाले, "मास्टरजी, ते रायपूरवाले आपल्याला देहाती समजतात. तुमची ती बाकसाहेबवाली गत पाहिजे आणि तुमची स्वतःची पांगोलीची चाल पाहिजे. दोनों. मी पत्रिकेत छापतो." एखाद्या बँडमास्तरचं नाव लग्नपत्रिकेत छापून आलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आनंदात घरी निघालो तर वाटेत कळलं की बालाघाटच्या बँडचा चुन्नीलाल कवडूला भेटून गेला. कवडू माझी दुसरी क्लॅरिनेट. बाकसाहेबाची गत दोघांची आहे, एकट्याने वाजवली तर भांडणातला एकच माणूस ऐकू आल्यासारखी लागते. कवडू गेला तर माझं काय राहिलं? हा विचार संध्याकाळपासून पिच्छा सोडत नाही.

११ मार्च

बाकसाहेबाची हकिगत एकदा लिहून ठेवतो, कारण ती आता माझ्या हाताबाहेर गेली आहे.

रेल्वेचा पिंटो गार्ड सत्तेचाळीस साली गोंदिया सोडून गेला, ही त्याआधीची गोष्ट. त्याच्या क्वार्टरमध्ये चावीचा ग्रामोफोन होता आणि त्यावर एक तबकडी. दोन फिडल आणि मागे पेटीसारखं काहीतरी. एक फिडल काही बोलतं, दुसरं मागून तेच बोलत येतं, मग दोघं एकमेकांत असे शिरतात की पुढे कोण आणि मागे कोण ते कळेनासं होतं. शेवटचा तुकडा तर सरळ आपल्या दादऱ्यात बसतो, पाय आपोआप उचलले जातात. मी आणि कवडू पिंटोच्या ओट्यावर बसून तबकडी घासून जाईपर्यंत ऐकत असू. पहिलं फिडल मी क्लॅरिनेटवर उतरवलं, दुसरं कवडूने. कोणाचं आहे म्हणून विचारलं तर पिंटो म्हणाला, "बाक. ग्रेट मॅन."

मी बँडवाल्यांना सांगितलं, ही बाकसाहेबाची गत. बँडवाल्यांनी शहराला सांगितलं. शहराने विचार केला की साहेब आहे म्हणजे रेल्वेचाच असणार. आता लोको शेडमागचा पडका बंगला 'बाकसाहेबाचा बंगला' झाला आहे आणि उदाराम पानवाला छातीवर हात ठेवून सांगतो की त्याचा काका बाकसाहेबाकडे खानसामा होता, साहेबाला भरल्या वांग्याची फार आवड होती. बाक जर्मनीचा मोठा संगीतकार, दोनशे वर्षांपूर्वी मेला, हे मला नंतर समजलं. मी ते कोणाला सांगितलं नाही. साहेब ओळखीतला वाटला की लोक गत जास्त मन लावून ऐकतात. यात कोणाचं काय नुकसान आहे?

१९ मार्च

मिलच्या मागच्या अंगणात तालीम. कोंडा उडत असतो, मोठा श्वास घेतला की सरळ घशात. त्यात आज पांगोलीच्या चालीत कवडूने पुन्हा घोळ घातला.

ही चाल कशी झाली तेही लिहितो. काही वर्षांमागे कामठ्याचं लग्न वाजवून आम्ही बैलगाडीने परत येत होतो. पांगोली नदीच्या पात्रात गाडी रुतली. बाकीचे चाकाला खांदा देत होते आणि कवडू वाळूत बसून काहीतरी वाजवत होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई, त्याच्या बोटांतून असं काहीबाही झिरपत असतंच. मी ते ऐकलं, धरलं, त्याला शिस्त लावली. तो वाजवायचा तेव्हा शेवटी सूर खाली उतरून नुसता थांबायचा आणि मग हळूच सा वर यायचा. वरातीत असं थांबून कसं चालेल? मागचे लोक अंगावर येतील. मी तिथे वर चढत जाणारी एक झुळूक टाकली. झाली चाल तयार. तेव्हापासून थेट भंडाऱ्यापर्यंत ती 'मनोहर मास्तरची चाल' आहे.

आज तालमीत कवडू पुन्हा खाली उतरला आणि थांबला. ताशेवाला गडबडला.

"कवडू, तिथं वर जायचं आहे."

"मालूम आहे."

"मग?"

"मोड मोडला ना मास्तर तुमी." वळणाला तो मोड म्हणतो. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगून तो क्लॅरिनेट पुसायला लागला.

चुन्नीलालचं विचारलं तर म्हणाला, "आला होता. चहा पेला अन् गेला." एवढंच. गुणी माणूस, पण पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

२ एप्रिल

शेटजींची पुतणी सुशीलाबाई लग्नासाठी आधीच कलकत्त्याहून आली आहे. तिथे ती मुलींना पियानो शिकवते. आज तालमीला खुर्ची टाकून बसली. आम्ही बाकसाहेबाची गत धरली आणि बाई उठून उभीच राहिली. संपल्यावर बराच वेळ हसत होती, पण चेष्टेचं हसू नव्हतं. म्हणाली, "हे मी ढोल-ताशाबरोबर, गोंदियात ऐकते आहे. कोणी मानणार नाही."

मी नमस्कार केला.

"पण एक बात सांगू मास्टरजी? हे बाखचं नाही."

मला आधी वाटलं ती माझा उच्चार सुधारते आहे.

"इतकी वर्षं सगळे त्याचंच मानत होते. दोन-तीन साल आधी जर्मनीत एका पंडिताने लिहिलं की हे त्याच्या शागिर्दाचं आहे. गोल्डबर्ग नावाचा. तिशीच्या आतच गेला बेचारा."

"मग नाव गुरूचं कसं लागलं?"

"चीज चांगली होती ना. लोकांना वाटलं, इतकं चांगलं आहे म्हणजे गुरूचंच असणार."

मग तिने पांगोलीची चाल ऐकली आणि विचारलं, "ये किसकी है?"

"माझी," मी म्हणालो. कवडू तेव्हा क्लॅरिनेटची रीड ओठांत धरून ओली करत होता, त्याने मान वर केली नाही.

"अच्छी है," बाई म्हणाली. "फक्त शेवटी थोडी जल्दी होते."

वरातीची चाल आहे, जल्दी असणारच. कलकत्त्याच्या लोकांना काय सांगायचं.

३ एप्रिल

जीव थाऱ्यावर नाही. सकाळी स्टेशनपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला हमालाने विचारलं, कोणती गाडी पाहिजे. मला कोणतीच गाडी नको होती.

दोनशे वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. त्या पोराने जीव ओतून एवढं केलं आणि सगळं जग म्हणत राहिलं, वा, काय गुरू आहे. गुरूला हे ठाऊक नसेल? कोणी त्याच्यासमोर वाजवून 'वा गुरुजी' म्हटलं असेल तेव्हा त्याने काय केलं असेल? मान डोलावली असेल? बाबांनो, हे माझं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मोठ्या माणसांना तेवढंही जड होतं. मला त्या गोल्डबर्गचं इतकं वाईट वाटलं की ताटातलं तसंच राहिलं.

"कोन मेलं?" धनवंतेने विचारलं.

"जर्मनीत एक जण."

"कवा?"

"दोनशे वर्षं झाली."

तिने ताट उचललं आणि गाईपुढे ठेवलं.

६ एप्रिल

कवडूला सगळं सांगितलं. बाकसाहेबाच्या बंगल्याच्या पायरीवर आम्ही बिडी ओढत बसलो होतो. त्याने नीट ऐकून घेतलं.

"नाव गुरूनं लावलं का लोकायनं?"

"लोकांनी."

"गुरूले मालूम होतं?"

"असेल, नसेल. मेलेल्याला कोण विचारणार?"

"अन् त्या चेल्यानं काऊन नाई सांगलं?"

"लाजला असेल. गुरूसमोर तोंड कसं उघडणार?"

कवडूने बिडी पायरीवर विझवली. "लाजला नसन," तो म्हणाला. "त्याले वाटलं असन, गुरू सोताच सांगन. वाट पाहून राहिला असन."

मला हे एकदम पटलं. कवडूला कधी कधी फार चांगलं सुचतं. मी म्हणालो, "असला गुरू मला मिळाला असता तर मी दुसऱ्या दिवशी त्याला सोडून गेलो असतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोडून जानं सोपं नसते मास्तर. दोघाची गत एकट्यानं कशी वाजवन कोनी?"

यावरून मला खात्री झाली की तो चुन्नीलालकडे जाणार नाही. कित्येक दिवसांनी मन हलकं झालं.

१५ एप्रिल

शेटजींनी छापायला गेलेली पत्रिका परत मागवली. "शागिर्दची चीज? रायपूरवाल्यांसमोर? मास्टरजी, ह्याच्यापेक्षा कोणा मोठ्या माणसाचं लावा."

मी म्हटलं, गत तीच, सूर तेच. परवापर्यंत तुम्ही डोळे मिटून ऐकत होता.

"परसों तक मालूम नव्हतं ना."

शेवटी तोड निघाली. त्या गतीला नुसतं 'विलायती संगीत' म्हणायचं आणि तिच्या वर, मोठ्या टाइपात, 'मनोहर मास्तर यांची सुप्रसिद्ध पांगोलीची चाल'. मी नको म्हटलं. फार जोरात म्हटलं नाही.

शहरात बातमी फिरलीच आहे. उदाराम पानवाल्याला गोल्डबर्ग म्हणता येईना. सकाळी तो गोलबर होता, दुपारी गुलबर झाला, आणि संध्याकाळी मी पान खायला गेलो तर दोघे जण तावातावाने वाद घालत होते की हा गुलाबराव आमगावचा की सालेकशाचा. उदारामच्या काकाने म्हणे त्यालाही जेवायला वाढलं होतं.

२८ एप्रिल

आज जे झालं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे. या शहराने दोन चाली एकमेकींत कालवल्या.

केस कापायला बसलो होतो. न्हावी कात्री चालवता चालवता म्हणतो, "मास्तर, आयकलं ते खरं का? पांगोलीची चाल म्हनते तुमची नाई, चेल्याची आहे."

मी उठून उभा राहिलो. "अरे, ते त्या दुसऱ्या गतीचं आहे. जर्मनीतलं."

"जर्मनीत पांगोली आहे?" त्याने विचारलं.

अर्ध्या कापलेल्या केसांनी मी बाजारभर समजावत फिरलो. गत चेल्याची, चाल माझी. विलायती ती चेल्याची, देशी ती माझी. जितकं समजावलं तितके लोक जास्त हसले. आमच्या बँडमधला म्हातारा ढोलवाला भैयाजी रस्त्यात भेटला, म्हणाला, "कायले एवढं धावून राहिले मास्तर? खोटं असन तं आपोआप बसून जाईन." तो असं का म्हणाला कळलं नाही. खोट्यासाठीच तर धावावं लागतं.

घरी धनवंता तांदूळ निवडत होती. तिलाही समजावलं. ती सूप हलवत म्हणाली, "पानी आनाले जातो तं कवडूभाऊचं घर लागते. संध्याकारी तो वाजवते ते चाल. त्याची लय चांगली लागते."

"वेगळी वाजवतो?"

"शेवटी थांबते." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मले रडू येते तिथं."

मी चिडून बाहेर पडलो. माझ्या वळणावर आजपर्यंत कोणी रडलेलं नाही. लोक नाचले आहेत. नाचवणं काय कमी असतं?

१५ मे

कालची वरात. नीट लिहायचं ठरवलं आहे, बघू जमतं का.

विलायती गत झकास झाली. रायपूरची मंडळी चालायची थांबून ऐकत होती, कवडू माझ्या मागून असा येत होता की मी थोडा जरी चुकलो असतो तरी त्याने मला उचलून घेतलं असतं. मग बाजार चौकात पांगोलीची चाल. सगळे नाचले, नवरदेवाचा मामा तर फेटा सुटेपर्यंत नाचला.

आपल्याकडे रीत आहे. चाल मनाला भिडली की यजमान चौकात वरात थांबवतो, 'चालीचा धनी कोण' असं विचारतो आणि जो धनी असेल त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकतो. वाजवणारे कितीही असोत, दुपट्टा एकच. शेटजींनी जरीकाठी दुपट्टा आणला होता. त्यांनी तो दोन्ही हातांवर धरला आणि मोठ्याने विचारलं, "चालीचा धनी कोण?"

मागून कोणीतरी ओरडलं, "चेल्याची आहे शेटजी." लोक हसले. शेटजींचे हात हवेत तसेच राहिले आणि ते माझ्याकडे बघायला लागले.

मला फक्त 'माझी' म्हणायचं होतं. बाजारभर ओरडून सांगत फिरलो होतो तो शब्द. तोंड उघडलं आणि तो आलाच नाही. मला वाटलं कोंडा अडकला, पण चौकात कोंडा कुठला?

तेवढ्यात कवडूने क्लॅरिनेट खाली केली. खणखणीत आवाजात म्हणाला, "मास्तरची आहे शेटजी. एवढी चांगली चाल आमची कशी असन?"

टाळ्या पडल्या. दुपट्टा माझ्या खांद्यावर आला. आम्ही पुन्हा चाल धरली, आणि शेवटी कवडू माझ्याबरोबर वर चढला, अगदी माझ्या वळणाने, कुठेही न अडखळता. इतक्या वर्षांत त्याने ते इतकं बरोबर कधी वाजवलं नव्हतं.

मी खूश असायला पाहिजे. दुपट्ट्याने खांद्याला घाम आला होता एवढंच आठवतं.

२१ मे

कवडू बालाघाटला गेला. चुन्नीलालच्या बँडमध्ये. माझ्याशी बोलला नाही, भैयाजीजवळ निरोप ठेवला, "मास्तरले सांगजो, त्यायचा मोड आता बरोबर बसते म्हनून."

भैयाजीने निरोप दिला आणि उभाच राहिला. मी म्हटलं जा. तरी उभा. मग गेला.

९ जून

आमगावहून बकाराम नावाचा माणूस आणला. सूर बरा आहे, पण तो मागून येत नाही, शेजारून चालतो. गत बंद केली. लोक विचारतात, गुलाबरावाचं काऊन वाजवत नाही.

सकाळी एकटाच पांगोलीवर गेलो. वाळूत बसून चाल धरली. म्हटलं कवडूचा मोड घेऊन तर पाहू, त्यात असं काय आहे. खाली उतरलो. थांबायचं तिथे थांबता येईना. बोटं आपोआप वर पळतात. पुन्हा धरली, पुन्हा तेच. समोर म्हशी पाण्यात बसल्या होत्या, त्यांना जमतं ते मला जमेना. मला कवडूची आठवण येते. हे दुसरीकडे कुठे म्हणणार नाही.

२ ऑगस्ट

धानाच्या रोवणीचे दिवस, लग्नं नाहीत. चिखलात उभं राहून भाऊबंद विचारतात, दुपट्टा खांद्यावर का घेत नाहीस, दाखव तरी. सांगितलं, जरीचा आहे, खराब होईल.

तो खुंटीवर आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.

१ नोव्हेंबर

आजपासून आपण मध्य प्रदेशात नाही, मुंबई राज्यात. स्टेशनवर पेढे वाटले. उदाराम म्हणाला, "मी तं हाललो बी नाई मास्तर, अन् राज्य बदललं." पांगोली कालच्याच जागी वाहते आहे, तिला आता मुंबईची म्हणायचं.

तिथेच कळलं की यंदा कामठ्याच्या मंडईच्या जत्रेला चुन्नीलालचा बँड येणार. मी जाणार नाही.

धनवंता म्हणते जा. मी म्हटलं, कायले जाऊ? तर ती दुसरंच बोलली. म्हणाली, "दुपट्टा धुवून ठेवला आहे मी."

९ नोव्हेंबर

काल कामठ्याला गेलो.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाहुण्यांनी भरलेली घरं, आणि दंडारीच्या नाटकाच्या मांडवासमोर बँड. मी जिलेबीच्या दुकानाआड उभा राहिलो. बगलेत क्लॅरिनेटची पेटी होती. वाजवायचं नव्हतं तर पेटी का घेतली, याचं उत्तर मला वाटेतही सापडलं नव्हतं.

चुन्नीलालच्या बँडने दोन सिनेमातल्या चाली वाजवल्या आणि मग कवडू पुढे आला. पांगोलीची चाल. ती मी हजार वेळा वाजवली असेल, ऐकली मात्र काल. शेवटी तो खाली उतरला आणि थांबला. शेजारी जिलेबीवाल्याचा झारा कढईवर तसाच राहिला. मग सा आला. धनवंतेला तिथे का रडू येतं ते मला कळलं, कारण मला आलं.

आणि लगेच गर्दीतून आवाज आला, "मास्तरची चाल चोरली बे यानं."

दुसरा म्हणाला, "चोरली अन् मोडून वाजवते वरून."

"चोर, चोर" सुरू झालं. चुन्नीलाल मागे सरकला. गावचे मनीराम पाटील उठले, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "सांग बापा. चालीचा धनी कोन?"

कवडू उभा होता. 'माझी' म्हणाला असता तर कोणी मानलं नसतं. 'मास्तरची' म्हणाला असता तर चोर ठरला असता. एकदा तो माझ्यासाठी खोटं बोलला होता आणि त्याच खोट्याने आता त्याला धरलं होतं. मला पायरीवरचं त्याचं बोलणं आठवलं, वाट पाहून राहिला असन. मी तेव्हा जर्मनीचा विचार करत होतो. किती मूर्ख माणूस आहे मी.

मी पुढे झालो. लोकांनी ओळखलं, वाट करून दिली. आता चोराला मास्तर धरणार म्हणून त्यांना आनंदच झाला होता. मी पेटी खाली ठेवली, उघडली. क्लॅरिनेट दुपट्ट्यात गुंडाळलेली होती. मी ती तशी ठेवली नव्हती. माझ्या घरात हे काम करणारं माणूस एकच आहे.

मी दुपट्टा झटकला आणि कवडूच्या खांद्यावर टाकला.

"धनी हा," मी म्हणालो. "ह्याच तुमच्या पांगोलीच्या वाळूत बसून केली याने, माझ्या डोळ्यांदेखत. माझं त्यात काही नाही. मी नुसता मोड मोडला."

कोणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, मास्तर पेऊन आला आहे. पाटील एकदा माझ्याकडे, एकदा कवडूकडे बघत होते. कवडूने दुपट्ट्याचा काठ बोटांत धरला, चुरगळून पाहिला.

"लवकर सांगलं मास्तर," तो म्हणाला. "दोनशे साल नाई लागले."

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. मी क्लॅरिनेट जोडली आणि त्याच्या डाव्या हाताला, जिथे दुसरी क्लॅरिनेट म्हणून तो इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहत आला होता, तिथे जाऊन उभा राहिलो. गर्दीत कुजबुज झाली. मास्तर दुसऱ्या जागेवर उभा राहत नसतो.

"वाजव," मी म्हणालो. "मी मागून येतो."

"मोड नोका मोडू आता."

"नाही."

त्याने चाल धरली. तो बोलला की मी मागून तेच बोलत गेलो, पिंटोच्या तबकडीतल्या दुसऱ्या फिडलसारखा. शेवट आला. तो खाली उतरला, मी उतरलो. माझी बोटं वर पळायला लागली होती, मी ती दाबून धरली. तिथे किती वेळ थांबायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. कवडूने श्वास घेतला, तेव्हा मी घेतला.